चेंडू आणि पेला

ओमतीतील आमच्या बैठकीत परवा विली ओरी याचे नाव निघाले. बर्फावरील हॉकीच्या अमेरिका-कॅनडातील प्रमुख साखळीत १९५८ साली उतरलेला हा पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. वर्णावरून त्याने सोसलेल्या शिव्या ऐकून आम्हांस गोऱ्यांचा संताप आला. पण बाळू पालवणकर आठवले आणि तो संताप आमच्यावरच उलटला.

चांभार कुटुंबातील हे डावखुरे गोलंदाज. गोऱ्यांच्या पूना जिमखान्यात ग्रेग साहेबास चेंडू टाकता टाकता त्यांचा हात बसला. पुढे पुण्याच्या हिंदूंनी त्यांना संघात घेतले. त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या निराळ्या पेल्यात. (चेंडूही चामड्याचाच, हे कोणास सुचले नसावे!) १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांस हरविले, त्यात बाळूंचा वाटा मोठा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी ११४ बळी टिपले. तरी हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना रीतसर कधी दिले गेले नाही. १९२० साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांनाही डावलले, तेव्हा विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. अखेर १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. तोवर बाळूंचा खेळ संपला होता.