हातातला जीपीएस घेताय? नल्लकुंट्याहून आलेल्या प्रश्नाचं सविस्तर उत्तर

हैदराबादेत नल्लकुंट्याला राहणाऱ्या, मूळच्या देगलूरकडच्या एका वाचकांनी विचारलं आहे: रविवारी मित्रांसोबत अनंतगिरीला फिरायला जातो, दिवाळीनंतर माहूर-किनवटच्या जंगलाकडे जायचा बेत आहे, पुढे सह्याद्रीतही एक-दोन ट्रेक करायचेत. मुलगा डिसेंबरात अमेरिकेहून येतोय. त्याला हातात धरायचा जीपीएस आणायला सांगू का? आणि सांगायचा तर कोणता?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देतो, कारण चुकीचं यंत्र आणलं तर मुलाला विमानतळावरून थेट पोलीस ठाण्यात जावं लागेल.

अमेरिकेहून काय आणू नये

दुकानात सारखीच दिसणारी ही यंत्रं मुळात दोन जातींची असतात. एक नुसतं ऐकणारं. आकाशातल्या उपग्रहांचे संदेश ते पकडतं आणि तुम्ही कुठे आहात ते सांगतं, स्वतःहून काहीच पाठवत नाही. दुसरं बोलणारं. मोबाईलला रेंज नसली तरी उपग्रहामार्फत घरी मेसेज पाठवतं, मदतीची हाक देतं. गार्मिन कंपनीच्या 'इनरीच' नावाच्या यंत्रांत ही सोय असते आणि ती इरिडियम या उपग्रह जाळ्यावर चालते. अमेरिकेत डोंगरात जाणारी माणसं ती सर्रास वापरतात, त्यामुळे मुलगा प्रेमापोटी नेमकं हेच घेऊन येण्याची शक्यता जास्त.

आपल्याकडे इरिडियम आणि थुराया यांची साधनं परवान्याशिवाय जवळ बाळगणं गुन्हा आहे. १८८५ चा टेलिग्राफ कायदा आणि १९३३ चा वायरलेस कायदा दाखवून कारवाई होत आली आहे. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर सुरक्षा तपासणीत एका कॅनेडियन धावपटू महिलेकडे इनरीच सापडलं. पुढे पोलीस, जामीन, दंड सगळं झालं. जानेवारी २०२५ मध्ये दिल्ली विमानतळावर एका स्कॉटिश ट्रेकर महिलेवर तीच पाळी आली. दोघींनीही यंत्र लपवलं नव्हतं, तपासणीच्या ट्रेमध्ये उघड ठेवलं होतं. 'मला माहीत नव्हतं' हे उत्तर तिथे चालत नाही.

ओळखायचं कसं? खोक्यावर 'इनरीच' किंवा 'सॅटेलाइट कम्युनिकेटर' लिहिलंय का ते बघा. गार्मिनच्या हँडहेल्डमध्ये मॉडेलच्या आकड्यामागे इंग्रजी 'आय' अक्षर असलं (६६आय, ६७आय, मोंटाना ७००आय) तर त्यात इनरीच आहे असं समजा. तेच ६७ नंबरचं यंत्र 'आय'शिवायही मिळतं, ते नुसतं ऐकणारं. एका अक्षराचा फरक आहे, तेव्हा मुलाला फोनवर तोंडी सांगू नका, व्हॉट्सॲपवर लिहून पाठवा. उपग्रह फोन खरोखरच लागणार असेल तर बीएसएनएलची इनमारसॅटवर चालणारी परवान्याची सेवा आहे, पण ती रविवारच्या भटकंतीसाठी नाही.

दुसरी अडचण त्यामानाने साधी. तिकडे घेतलेल्या यंत्रात नकाशे तिकडचेच भरलेले असतात. कोलोरॅडोची प्रत्येक पायवाट दिसेल आणि किनवटच्या जागी कोरी स्क्रीन. नकाशा नंतर भरता येतो, ते पुढे सांगतो. वॉरंटी मात्र भारतात चालेल का हे घेण्याआधी विचारून घ्यावं. थोडे पैसे वाचवायला तिकडून आणायचं आणि बिघडलं की परत तिकडेच पाठवायचं, हा सौदा मला पटत नाही.

पण फोन असताना हे हवंच कशाला?

बऱ्याच जणांना नकोच. हे स्पष्ट सांगितलेलं बरं.

फोनमधला जीपीएस रेंजवर चालत नाही. सिम काढून टाकलं तरी तो उपग्रहांवरून जागा शोधतो. रेंज लागते ती नकाशा उतरवायला. ऑर्गॅनिक मॅप्स किंवा ओएसएमअँडसारखं ॲप घेऊन घरच्या वायफायवर तेलंगणाचा आणि महाराष्ट्राचा नकाशा आधीच उतरवून ठेवला, जंगलात शिरताना फोन एअरप्लेन मोडवर टाकला आणि बॅगेत एक पॉवर बँक ठेवली की अनंतगिरी किंवा भोंगीरच्या किल्ल्यासाठी काही कमी पडत नाही. हा खर्च जवळजवळ शून्य आहे. सहा महिने असं करून बघा. त्यातही अडलं तर यंत्राचा विचार करा.

अडतं कुठे? सीमाभागात रेंजचं काही खरं नसतं. पैनगंगेच्या काठाने चालताना फोन एका टॉवरवरून दुसऱ्यावर उड्या मारत राहतो आणि त्या शोधाशोधीत बॅटरी संपवतो. म्हणून एअरप्लेन मोड. मे महिन्याच्या उन्हात फोन तापून बंद पडतो, स्क्रीन वाचता येत नाही. सह्याद्रीतल्या पावसात तर ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं, वाट दाखवणारा फोन आणि मदतीला बोलवायचा फोन एकच असतो. तो दगडावर आपटला की दोन्ही गेलं. मला विचाराल तर वेगळं यंत्र घ्यायचं खरं कारण एवढं एकच आहे: फोनची बॅटरी फोन करण्यासाठी राखून ठेवायची.

घ्यायचंच ठरलं तर

हातात धरायचा पहिला जीपीएस मॅगेलन कंपनीने १९८९ मध्ये बाजारात आणला. आज या जातीत मुख्यतः गार्मिनचंच नाव ऐकू येतं, म्हणून उदाहरणं त्याचीच देतो. इथे घ्यायचं तर सिकंदराबादला पार्कलेन-सीटीसीच्या बाजूला चौकशी करा, किंवा कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवा. किमती बदलत राहतात, म्हणून आकडे देत नाही. साधारण एका बऱ्या फोनएवढा खर्च धरा.

ईट्रेक्स एसई हे सगळ्यात साधं. काळी-पांढरी स्क्रीन, आत रस्त्यांचा नकाशा नाही, पण दोन सेलवर कंपनीच्या दाव्याप्रमाणे १६८ तास चालतं. आधी ठरवलेली वाट त्यात भरायची आणि त्या रेघेवर चालायचं. आलो त्याच वाटेने परत जायचं असेल तर पुष्कळ झालं. ईट्रेक्स २२एक्सला रंगीत स्क्रीन आणि नकाशा आहे, दावा २५ तासांचा. ३२एक्समध्ये त्यावर दोन गोष्टी जास्त: हवेच्या दाबावरून उंची मोजायचं साधन आणि इलेक्ट्रॉनिक होकायंत्र.

उंचीचं सोडा, आपल्या भागात त्याने फारसा फरक पडत नाही. होकायंत्राकडे मात्र लक्ष द्या. ते नसलेल्या यंत्राला तुम्ही चालत असतानाच दिशा कळते. दोन वाटा फुटतात तिथे उभं राहून स्क्रीन बघितली तर बाण कुठेही तोंड करून बसतो. दहा-वीस पावलं चाललात की मग सरळ होतो. नवख्या माणसाची चूक नेमकी इथे होते. थांबून, घाबरून, यंत्राकडे बघत तो चुकीच्या वाटेला लागतो. २२एक्स आणि ३२एक्स यांत घुटमळत असाल तर मी ३२एक्स म्हणेन. साध्या एसईमध्येही हे होकायंत्र दिलेलं आहे.

टचस्क्रीन की बटणं? बटणं. पावसात आणि हातमोज्यात ती चालतात. आयपीएक्स७ असं लिहिलेलं असेल तर यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास पडलं तरी टिकायला हवं.

सेलचा प्रश्न

आतमध्ये चार्ज होणारी बॅटरी असलेली यंत्रं दिसायला छान, आणि जीपीएसमॅप ६७ सारखी चालतातही खूप. तरी या भागासाठी मला सेलवाली बरी वाटतात. भिंतीवरच्या घड्याळात घालतो ते दोन पेन्सिल सेल कुठल्याही खेड्यातल्या किराणा दुकानात मिळतात. फक्त घड्याळाचा स्वस्तातला सेल यात फार वेळ टिकत नाही, तो निकडीपुरता. घरून निघताना अल्कलाइन किंवा चार्ज करता येणारे सेल न्या, आणि कोणत्या जातीचे घातलेत ते यंत्राच्या सेटिंगमध्ये सांगा. नाहीतर बॅटरीची खूण भलतंच दाखवते.

किती उपग्रह, आणि आपला नाविक

अमेरिकेच्या जीपीएसमध्ये २ मे २००० पर्यंत मुद्दाम चूक घातलेली असायची, नागरी यंत्र शंभर मीटरपर्यंत हुकायचं. ती काढल्यानंतर मोकळ्या आकाशाखाली तीन ते पाच मीटरची अचूकता सहज मिळते. त्याच्या जोडीला रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ असले की दाट झाडीत फायदा होतो.

इस्रोचा नाविक २०१३ पासून आकाशात आहे, पण त्याचे सुरुवातीचे उपग्रह एल५ आणि एस या लहरींवर बोलतात. स्वस्त यंत्रं ऐकतात ती एल१. म्हणून खोक्यावर नाविक फारसा दिसायचा नाही. मे २०२३ मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-०१ मध्ये एल१ आली आहे. गार्मिनच्या जीपीएसमॅप ६५ सारखी दोन लहरी ऐकणारी यंत्रं महाग असतात. सह्याद्रीच्या नाळेत दोन्ही बाजूंना कडे असतात, संदेश कड्यावर आपटून उशिरा येतो आणि जागा पाच-पन्नास मीटर सरकते. तिथे त्या पैशांचं चीज होतं. अनंतगिरी, माहूर, किनवटला आकाश भरपूर दिसतं, तिथे गरज नाही.

नकाशा: छप्पन नंबरची गोष्ट

नकाशा फुकट भरता येतो. ओपनस्ट्रीटमॅपवरून गार्मिनसाठी तयार केलेल्या फाइली मिळतात. मेमरी कार्डवर टाकायच्या, झालं. मात्र हा नकाशा स्वयंसेवकांनी काढलेला आहे. हैदराबादच्या आसपास तो दाट आहे, तालुक्याच्या जंगलात विरळ. पायवाट दिसत नाही म्हणजे ती नाही असं समजू नका.

म्हणून सोबत सर्व्हे ऑफ इंडियाचा ५०,००० प्रमाणाचा (जमिनीवरचा एक किलोमीटर म्हणजे कागदावर दोन सेंटिमीटर) टोपोशीट बघावा. ओपन सिरीजचे नकाशे सरकारच्या 'नक्शे' पोर्टलवरून उतरवता येतात. या खात्याची प्रशिक्षण संस्था उप्पललाच आहे, नल्लकुंट्याहून फार लांब नाही. जुन्या क्रमांकांत एक गंमत आहे. हैदराबाद ५६-के वर, बिदर ५६-जी वर, नांदेड ५६-ई वर, उदगीर ५६-एफ वर. किनवट आणि आदिलाबाद तर एकाच ५६-आय वर. राज्यांच्या सीमा बदलल्या, शीटचा नंबर तोच राहिला.

एक धोका लक्षात ठेवा. जुने टोपोशीट एव्हरेस्टच्या मोजणीवर आखलेले आहेत, यंत्र डब्ल्यूजीएस-८४ वर चालतं. जुन्या कागदावरून आकडे वाचून तसेच यंत्रात घातले तर आपल्या भागात शंभरावर मीटरची चूक येते. ओढ्याच्या या काठाला की त्या काठाला, एवढा तो फरक असू शकतो. ओपन सिरीजमध्ये ही भानगड नाही.

दुसऱ्या कुणी टाकलेली जुनी वाट उतरवून घेतली असेल तर तारीख बघा. विकाराबादजवळच्या दामगुंडमच्या जंगलात लोक फिरायला जायचे. ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथे नौदलाच्या रेडिओ केंद्राची पायाभरणी झाली. आणि कवाल, अमराबाद, टिपेश्वर यांसारख्या राखीव जंगलांत यंत्रात वाट आहे म्हणून आत जायची परवानगी मिळाली असं होत नाही. आधी वनखात्याला विचारा.

पहिल्या दिवशी

नवं यंत्र नल्लकुंट्याच्या गल्लीत सुरू करून 'बोगस माल दिला' म्हणू नका. दोन्हीकडे इमारती, वर तारांचं जाळं. पहिल्यांदा उस्मानिया विद्यापीठाच्या मोकळ्या आवारात नेऊन पंधरा मिनिटं तसंच ठेवा. उपग्रहांचं वेळापत्रक एकदा उतरलं की पुढच्या वेळी जागा लवकर सापडते. मग तिथेच गाडी लावल्याची जागा नोंदवून एक फेरी मारा आणि यंत्राच्या सांगण्यावरून परत या. घरातल्या दुसऱ्या माणसालाही हे करून बघायला लावा. यंत्र ज्याला कळतं नेमका तोच पाय मुरगळून बसला तर?

जागा कशी लिहून दाखवायची ते सेटिंगमध्ये ठरवता येतं. दशांश अंश निवडा, फोनवरच्या नकाशात तेच सरळ टाकता येतात. नल्लकुंटा साधारण १७.३९ अक्षांशावर आहे. फोनवर कुणी हे '१७ अंश ३९ मिनिटं' असं ऐकलं तर तुम्हाला शोधायला निघालेली गाडी जवळजवळ २९ किलोमीटर उत्तरेला, मेडचलच्या आसपास पोचेल. तेव्हा आकडा सांगताना 'सतरा पॉइंट तीन नऊ' असा, एकेक अंक तोडून सांगा आणि समोरच्याला परत म्हणायला लावा. ११२ हा नंबर महाराष्ट्र, तेलंगणा, कर्नाटक, गोवा सगळीकडे लागतो, पण सीमेजवळ फोन पलीकडच्या राज्याच्या कक्षात जाऊ शकतो. म्हणून आकड्यांआधी जिल्हा आणि तालुका सांगा.