बाराक्षार आणि आपला खारपाण



गुडघे धरले, पायात कळ उतरली की कुणीतरी सांगतंच, "बाराक्षार घ्या, मॅगफॉस गरम पाण्यात." ही पद्धत जर्मनीतल्या ओल्डेनबर्गच्या डॉ. शूसलर (१८२१–१८९८) यांची. शरीरातल्या पेशींना एखादा क्षार कमी पडला की दुखणं येतं, असं त्यांचं म्हणणं. होमिओपॅथीची शेकडो औषधं बाजूला ठेवून त्यांनी १८७४ च्या पुस्तकात बाराच ठेवली.

मी कॉमर्सची, हिशेब केल्याशिवाय राहवत नाही. ६एक्स म्हणजे दहा लाखांत एक भाग क्षार, बाकी दुधाची साखर. किलोभर गोळ्यांत क्षार एक मिलिग्रॅम! बारांतलं नेट्रम मूर तर आपलं साधं मीठ. पूर्णाकाठच्या खारपाण पट्ट्यात विहिरीच्या लिटरभर पाण्यात कितीतरी ठिकाणी ग्रॅमहून जास्त क्षार असतात. १९३० च्या सत्याग्रहात अकोल्याजवळ दहीहंड्याला अशाच खाऱ्या पाण्याचं मीठ केलं होतं. म्हणजे मिठाची कमतरता आपल्याकडे कधी नव्हती; वात मात्र होताच.

मग आराम पडतो तो? गरम पाण्यानं, शेकानं बरं वाटतंच. शिवाय वाताची कळ आपोआपही कमी-जास्त होते, नाव गोळीचं होतं.

आपल्या शाकाहारी घरांत खरोखर कमी पडतं ते बी१२. त्यानं पायांना मुंग्या येतात, बधिरपणा येतो. ते वेगळं काढता आलं १९४८ साली, शूसलर जाऊन पन्नास वर्षं झाल्यावर. त्यांच्या बारांत ते असणार कुठून? मुंग्या येत असतील तर रक्तातलं बी१२ आणि साखर तपासून घ्या. बोटांचे सांधे सुजून सकाळी तास-तासभर आखडत असतील, तर डॉक्टरांकडे लवकर जा. सांधा एकदा वाकडा झाला की सरळ होणं अवघड.