लसूण, भूर्जपत्र आणि हृदय : एका दाव्याचा इतिहास

१. ‘लसूण हृदयाचे रक्षण करतो, हे आपल्या पूर्वजांनी हजारो वर्षांपूर्वीच सांगून ठेवले आहे.’ लसणाच्या कॅप्सूलांच्या जाहिरातीत हे वाक्य हटकून भेटते. त्यातील ‘पूर्वजांनी सांगून ठेवले’ हा भाग इतिहासाचा आहे, म्हणजे तो तपासता येतो. त्यासाठी मध्य आशियातील एका खुनाच्या तपासापासून आरंभ करावा लागेल.

२. १८८८ साली काराकोरम खिंडीच्या परिसरात अँड्र्यू डॅल्ग्लीश या स्कॉटिश व्यापाऱ्याचा खून झाला. मारेकऱ्याच्या मागावर हॅमिल्टन बॉवर हा लष्करी अधिकारी निघाला. १८९० मध्ये तो तारीम खोऱ्यातील कुचा येथे पोहोचला. तेथे गुप्तधन शोधणाऱ्यांना एका पडक्या स्तूपात जुनी भूर्जपत्रे सापडली होती. ती बॉवरने विकत घेतली.

३. पत्रे कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत आली. रुडॉल्फ हर्न्ले यांनी त्यांचे वाचन केले आणि १८९३ ते १९१२ या काळात संहिता व भाषांतर प्रसिद्ध केले. लिपी गुप्तकालीन वळणाची ब्राह्मी, भाषा संस्कृत. लेखनाचा काळ साधारण इसवी सनाचे ५वे-६वे शतक मानला जातो. हे ‘बॉवर हस्तलिखित’ आज ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहे. त्यातील सात भागांपैकी तीन वैद्यकाचे आहेत, आणि पहिल्याच भागाचा आरंभ होतो तो लसणाच्या प्रशस्तीने.

४. कथा अशी : असुराने चोरून अमृत प्राशन केले, विष्णूने त्याचे शिर उडवले, आणि जे थेंब भूमीवर पडले त्यांतून लसूण उगवला. एकाच कथेने दोन प्रश्नांची उत्तरे दिली. अमृताचा अंश म्हणून तो औषध. असुराच्या देहाचा स्पर्श म्हणून ब्राह्मणांना वर्ज्य. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायातही लसूण द्विजांना निषिद्ध आहे.

५. मग ब्राह्मण रुग्णाने काय करावे? ग्रंथकाराने वाट काढली आहे. गाईला तीन दिवस जवळजवळ चारा द्यायचा नाही, नंतर गवतात लसूण मिसळून खाऊ घालायचा, आणि तिचे दूध, दही, तूप रुग्णाने सेवन करायचे. धर्मही राहिला आणि औषधही पोटात गेले! नियम आणि गरज यांच्या मधोमध उभा असलेला वैद्य येथे स्पष्ट दिसतो.

६. याच प्रकरणात लसणाच्या उत्सवाचेही वर्णन आहे. थंडीच्या दिवसांत घराच्या दर्शनी भागी लसणाच्या माळा लावाव्यात, घरातील माणसांनीही त्या धारण कराव्यात, असे ग्रंथ सांगतो. एकीकडे धर्मशास्त्राचा निषेध आणि दुसरीकडे हा सोहळा. प्राचीन भारताचे ‘एकच मत’ शोधणाऱ्याची येथे पंचाईत होते.

७. आता मुख्य मुद्दा. हा लसूण कशावर उपयोगी म्हटला आहे? मंदाग्नी, कृमी, गुल्म, प्लीहेची वाढ, मूळव्याध, खोकला, अर्धांगवायू, अपस्मार. यादी लांब आहे आणि तिचा भर पचन, वात आणि बल यांवर आहे. आजच्या दाव्यातील कोलेस्टेरॉल व रक्तदाब तिच्यात नाहीत, आणि असणे शक्यही नव्हते.

८. कारण ‘कोलेस्टेरॉल’ हे नाव ज्यावरून आले, ते शेव्ह्रल या फ्रेंच रसायनज्ञाने १९व्या शतकाच्या आरंभी दिले. दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजण्याची रीत रिव्हा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली. कोलेस्टेरॉल खाऊ घातलेल्या सशांच्या धमन्या खराब होतात, हे अनिच्कोव्ह यांनी १९१३ मध्ये दाखवले. जी गोष्ट मोजताच येत नव्हती, तिच्यावरचे औषध सांगणार कसे?

९. ‘पण वाग्भटाने लसणाला हृद्य म्हटले आहे!’ हा आक्षेप रास्त आहे; अष्टांगहृदयात तसे विशेषण आहे. मात्र ‘हृद्य’ म्हणजे हृदयाला हितकर आणि मनाला रुचणारे, असे दोन्ही. आयुर्वेदात हृदय हे चेतनेचे स्थान आहे, केवळ रक्त ढकलणारा पंप नव्हे. चरकसंहितेतील दहा हृद्य द्रव्यांचा गण पाहा : आंबा, अंबाडा, करवंद, वृक्षाम्ल म्हणजे आपले कोकम, बोर, डाळिंब, महाळुंग वगैरे. सगळी आंबट फळे. त्या दहांत लसूण नाही.

१०. आजचा ‘हृदयाचा लसूण’ घडला तो २०व्या शतकात. १९४४ मध्ये कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ठेचलेल्या लसणातील ॲलिसिन वेगळे केले. १९७३ मध्ये उदयपूरच्या वैद्यकीय संशोधकांचा लसणाच्या तेलावरील निबंध ‘लॅन्सेट’ने छापला. १९८८ मध्ये जर्मनीच्या वनौषधी आयोगाने वाढलेल्या रक्तमेदासाठी लसणाला पूरक उपाय म्हणून मान्यता दिली. त्या पाठोपाठ गोळ्यांची बाजारपेठ विस्तारली.

११. युरोपात याच मार्गाने रानलसूणही कॅप्सूलमध्ये आला. लिनियसने १७५३ मध्ये त्याच्या नावात ‘अस्वलाचा’ हे विशेषण घातले. वसंतात लोक त्याची पाने रानातून खुडतात. त्याच्याशी साम्य असलेली ‘लिली ऑफ द व्हॅली’ मात्र विषारी आहे आणि तिचे विष थेट हृदयाच्या ठोक्यांवर आघात करते. ‘नैसर्गिक’ आणि ‘निरुपद्रवी’ हे समानार्थी शब्द नव्हेत.

१२. परीक्षेचा निकाल काय? २००७ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी वाईट कोलेस्टेरॉल मध्यम वाढलेल्या १९२ प्रौढांवरील चाचणी प्रसिद्ध केली. कच्चा लसूण, दोन प्रकारच्या गोळ्या आणि औषधविरहित गोळी, असे सहा महिने. वाईट कोलेस्टेरॉलमध्ये लक्षणीय फरक पडला नाही. उच्च रक्तदाबात थोडी घट काही लहान चाचण्यांत आढळली आहे. पण त्यामुळे हृदयविकाराचे झटके किंवा मृत्यू कमी होतात, हे सिद्ध झालेले नाही.

१३. येथे इतिहास वर्तमानाला भिडतो. ‘ऋषींनी सांगितले आहे’ या भरवशावर कोणी रक्तदाबाची गोळी बंद करतो, तेव्हा तो ऋषींचे ऐकत नसतो. विसाव्या शतकातील जाहिरातीचे ऐकत असतो. रक्त पातळ करणारे औषध चालू असताना लसणाच्या कॅप्सूल घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. तेव्हा शस्त्रक्रियेपूर्वी त्यांची माहिती डॉक्टरांना द्यायलाच हवी. जेवणातल्या चटणीचा प्रश्न वेगळा; ती खुशाल खावी.

१४. कुचाच्या वाळूत टिकलेली ती पत्रे मोलाची आहेत, पण कोलेस्टेरॉलचे भाकीत म्हणून नव्हे. रोग्याचे दुःख, धर्माचा निर्बंध आणि हाताशी असलेली वनस्पती यांचा मेळ घालणारा वैद्य कसा विचार करत होता, हे ती दाखवतात. त्याच्या तोंडी आपले शब्द घातले, की त्याचे स्वतःचे शब्द ऐकू येईनासे होतात.