भिंतीआडची थंडी



वैशाखाच्या या उकाड्यात आपण पदराने नि टोपीने वारा घेत बसला आहात, आणि आम्ही बोलणार आहोत थंडीविषयी. कामगार चळवळीतल्या माणसाने बोनसविषयी बोलावे, कोल्ड स्टोरेजच्या बांधकामाशी त्याचा काय संबंध, असे कोणी म्हणेल. संबंध असा, की आम्ही ज्यांच्यात वावरलो त्यांत शीतगृहात पोती वाहणारे हमाल आहेत, अमोनियाच्या यंत्रावरचे फिटर आहेत, आणि भिंतींना फोम चढवणारे कंत्राटी मजूरही आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे ग्रंथालयाच्या बाकावर आणि या मंडळींच्या संगतीत झाले. तेव्हा चूकभूल पदरात घ्यावी.

शीतगृहाचा इतिहास म्हणून जे लिहिले जाते तो बहुधा यंत्राचा इतिहास असतो. पण यंत्र नव्हते तेव्हाही भिंत होती. १२ मे १८३३ रोजी बॉस्टनहून ‘टस्कनी’ नावाचे जहाज निघाले. त्याच्या पोटात १८० टन बर्फ होता, हिवाळ्यात तळ्यांवरून कापलेला. दोनदा विषुववृत्त ओलांडून चार महिन्यांनी ते कलकत्त्यास लागले, तेव्हा त्यातला सुमारे १०० टन शिल्लक होता! फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याची सारी किमया लाकडाच्या भुशाची. भुशात कोंडलेली हवा उन्हाला आत येऊ देत नाही. पुढे कलकत्ता, मद्रास, मुंबई येथे जाड भिंतींचे बर्फखाने उठले. मुंबईचा, फोर्टातला घुमटाचा, आता नाही. मद्रासचा मात्र मरीनाच्या किनाऱ्यावर विवेकानंदांचे नाव घेऊन अजून उभा आहे. बर्फाचा तो व्यापार यंत्राने बुडवला, पण माप त्याचेच राहिले. थंडाव्याचे यंत्र आजही ‘इतक्या टनांचे’ म्हणतात. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते, तेवढी ओढून घेणारे यंत्र ते एक टनाचे.

भुशानंतर बूच आले, बुचानंतर थर्मोकोल, आणि आता दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेले तयार तक्ते येतात. ते एकमेकांत अडकवले की खोली उभी. ऐकायला सोपे वाटते. पण हवेतली वाफ नेहमी उबेकडून थंडीकडे धावते. भिंतीच्या बाहेरच्या, म्हणजे उबेच्या अंगाला तिला अडवले नाही, तर ती बुचात शिरते, तेथे तिचे पाणी होते, पाण्याचा बर्फ होतो, आणि भिजलेल्या बुचाची भिंत ओल्या गोधडीसारखी निकामी होते. जुने गवंडी म्हणून डांबराचा थर न चुकता देत. ठेकेदार तो पातळ करी, आणि दोन पावसाळ्यांनी मालक यंत्रवाल्याला दोष देई. फरशीचे तर आणखी विचित्र आहे. शून्याखालच्या खोलीची थंडी हळूहळू जमिनीत उतरते, मातीतले पाणी गोठून फुगते आणि चांगली टणक फरशी पाठ उचलून वर येते. म्हणून अशा खोलीच्या तळाखाली हवा खेळवावी लागते किंवा ऊब द्यावी लागते. थंड खोलीच्या पायाला शेक! आम्हाला हे एका म्हाताऱ्या फिटरने प्रथम सांगितले तेव्हा तो थट्टा करतो आहे असे वाटले होते.

तर अशी ही वास्तू. खिडकी नाही, फट नाही, दार बहुधा एकच आणि तेही वीतभर जाड. मालाला ते फार मानवते. माणसाचे काय?

१८८२ साली ‘डनेडिन’ हे शिडाचे जहाज न्यूझीलंडहून गोठवलेले मटण घेऊन लंडनला निघाले. वाटेत थंड हवा नीट खेळेना, म्हणून कप्तान व्हिटसन स्वतः हवेच्या नळात शिरला आणि आत गारठून पडला. खलाशांनी दोर बांधून ओढले म्हणून वाचला. मटण मात्र ९८ दिवसांनी उत्तम पोचले. त्याचीच कीर्ती झाली.

शिकागोच्या जागतिक प्रदर्शनातले शीतगृह लाकडी होते. त्याच्या उंच मनोऱ्यातून बॉयलरचे धुराडे वर नेले होते. त्याच्या तोंडाशी बसवायचे लोखंडी कवच बसवलेच नव्हते. १० जुलै १८९३ रोजी मनोऱ्याला आग लागली. बंबवाले वर चढले, आणि त्यांच्या पायाखालून ज्वाळा निघाल्या. हजारो प्रेक्षकांदेखत बारा बंबवाले आणि काही कामगार मेले. विमा कंपन्यांनी आधीच हात काढून घेतले होते. धोका त्यांना कळला होता, शिडीवरच्यांना कोणी सांगितला नाही. कोरोनरच्या ज्यूरीने बड्यांवर ठपका ठेवला. शिक्षा कोणालाच झाली नाही.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. दक्षिण कोरियातील इचन गावी ७ जानेवारी २००८ रोजी नव्या शीतगोदामात शेवटचे काम चालू असता आग लागली. चाळीस माणसे गेली. त्याच गावी २९ एप्रिल २०२० रोजी दुसरे गोदाम बांधताना आणखी अडतीस. दोन्ही वेळा मेले ते बांधणारे. जळत्या फोमचा विषारी धूर त्या बंद भिंतींत कोंडला. उष्णता अडवण्यात फोमइतका गुणी पदार्थ नाही आणि पेटल्यावर तितका क्रूरही नाही. तरी वेल्डिंगची ठिणगी आणि फोमची फवारणी एकाच छताखाली चालतात, कारण मुदत जवळ आलेली असते.

आमच्या भागातील एका शीतगृहाचे सांगतो. नाव घेत नाही. मासळीची खोली, उणे १८ अंश. जेवणाच्या सुटीत दार लागले आणि एक हमाल आत राहिला. आतली कडी बर्फाने धरलेली. त्याने ठोकले, पण वीतभर दारातून आवाज येतो कुठे? पाऊण तासाने कोणाला तरी त्याचा डबा न उघडलेला दिसला. तो वाचला, दोन बोटांची टोके गेली.

पुढच्या मागणीपत्रात पगारवाढीच्या वर आम्ही ‘आतून उघडणारी कडी आणि घंटा’ लिहिले. व्यवस्थापक हसले, पण कडी बसवली आणि कागदावर सही मागितली. आम्ही म्हटले, आधी आत जाऊन पाहतो. दोन हमालांना घेऊन आत गेलो, दार लावून घेतले. पहिल्या झटक्याला कडी हलली नाही. दुसऱ्यालाही नाही. तिसऱ्याला सुटली. बाहेर येऊन आम्ही सही केली नाही. फिटरला बोलावले, आणि पहिल्या झटक्यात ती सुटेपर्यंत संध्याकाळभर तेथेच बसून राहिलो.