टाच मोकळी, टाच बांधलेली

बर्फाच्या उतारावरून स्कीवर घसरत येणारा माणूस आपण चित्रपटांत पुष्कळदा पाहिलेला असतो. तो त्या डोंगरावर चढला कसा, हा प्रश्न मात्र सहसा पडत नाही. आज बहुतेक ठिकाणी याचे उत्तर 'पाळण्यात बसून' असे आहे. परंतु स्की करणाऱ्यांना दोराने वर ओढून नेणारे यंत्र दावोस येथे बसले ते १९३४ साली. त्यापूर्वी बहुतेक उतारांची किंमत आधी चढून मोजावी लागे. चढणे आणि उतरणे ही दोन्ही कामे एकाच जोड्यावर करावयाची असल्याने बूट आणि स्की यांना जोडणाऱ्या एका लहानशा वस्तूवर दोन परस्परविरोधी मागण्या येऊन पडल्या. तिला इंग्रजीत बाइंडिंग म्हणतात. आपण 'बांधणी' म्हणू. कादंबरीच्या बांधणीविषयी वर्षानुवर्षे बोलत आलेल्या आपल्यासारख्यांना हा शब्द परका वाटू नये.

विरोध साधा आहे. चढताना माणूस चालत असतो. चालताना चवडा टेकलेला राहतो आणि टाच उचलली जाते, म्हणून टाच मोकळी हवी. स्की मागे घसरू नये यासाठी तिच्या तळाला पूर्वी सीलचे कातडे लावीत. त्यावरील केस मागच्या दिशेला वळलेले असल्याने स्की पुढे सरके, मागे सरकत नसे. (आता हे कातडे मोहेरचे किंवा नायलॉनचे असते.) उतरताना मात्र वळण घेण्यासाठी पायाचा सारा जोर स्कीच्या कडेवर यावा लागतो आणि मोकळी टाच तिथे दगा देते. चढणाऱ्याला बिजागरी हवी, उतरणाऱ्याला कुलूप हवे.

या इतिहासाचा प्रारंभ नॉर्वेतील टेलेमार्क प्रांतातल्या मोर्गेडाल गावच्या सोंद्रे नोरहाइमपासून (१८२५-१८९७) करण्याची प्रथा आहे. चवड्याच्या पट्ट्याला जोडून टाचेमागून जाणारे, पिळलेल्या लवचीक फांद्यांचे कडे तो वापरीत असे. त्यामुळे टाच उचलता येई, पण पाय स्कीवरून निसटत नसे. १८६८ साली ख्रिस्तियानिया (आजचे ओस्लो) येथे त्याने आपले कौशल्य दाखविले. पुढे तो अमेरिकेत गेला आणि तिथेच वारला. कडे त्यानेच शोधले असे सांगितले जाते. माझ्या मते अशा वस्तू ओव्यांप्रमाणे अनेकांच्या हातांतून घडत येतात आणि इतिहासाला एक नाव हवे असते म्हणून शेवटी एकाच्या नावावर चढतात.

नॉर्वेतून स्की आल्प्समध्ये गेली ती मुख्यतः एका पुस्तकातून, ही गोष्ट साहित्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात घ्यावी. फ्रित्योफ नान्सेनने १८८८ साली स्कीवरून ग्रीनलँड ओलांडले. त्याच्या वृत्तांताचे जर्मन भाषांतर १८९१ मध्ये निघाले आणि मध्य युरोपातील वाचकांनी नॉर्वेहून स्की मागविल्या. आर्थर कॉनन डॉयल १८९४ च्या मार्चमध्ये दोन स्थानिक बंधूंसोबत दावोसहून खिंड ओलांडून आरोसाला गेला आणि त्यावर 'स्ट्रँड' मासिकात त्याने एक खुसखुशीत लेख लिहिला. त्यातला एक प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने मोलाचा आहे. एका तीव्र उतारावर या तिघांनी स्की पायांतून काढल्या, एकत्र बांधल्या आणि त्यांची घसरगाडी केली. डॉयलची गाडी त्याच्या हातून निसटून खाली गेली आणि उरलेला उतार त्याने आपल्या विजारीवर पार केला. विनोद बाजूला ठेवला तर उरते ती त्या काळच्या बांधणीची मर्यादा. तिने माणसाला खिंडीपर्यंत नेले, पण खरा उतार येताच ती पायांतून काढून ठेवावी लागली.

या मर्यादेचे पहिले पद्धतशीर उत्तर शोधले ते माथियास झ्दार्स्की याने. जन्म मोराव्हियातला, वास्तव्य ऑस्ट्रियातील लिलियनफेल्डला. नान्सेन वाचून त्यानेही स्की मागविल्या होत्या, परंतु त्याच्या घराभोवतीचे उतार नॉर्वेपेक्षा उभे होते. पायाखाली पोलादी पट्टी, तिच्या पुढच्या टोकाला बिजागरी आणि स्प्रिंग, अशी रचना त्याने केली. टाच वर उचलता येई, पण पाय आडवा हलत नसे. १८९६-९७ च्या सुमारास त्याने या तंत्रावर पुस्तक लिहिले आणि नॉर्वेच्या परंपरेचे अभिमानी त्याच्यावर तुटून पडले. वाद वरकरणी लोखंडाचा होता. मुळात तो स्की ही मैदानावरील चाल आहे की डोंगरावरील उतरण, याविषयीचा होता. पहिल्या महायुद्धात, १९१६ साली, झ्दार्स्की हिमस्खलनाखाली सापडला. त्याची सुमारे ८० हाडे मोडली वा निखळली. तो जगला, आणि पुन्हा स्कीवर उभा राहिला.

यानंतरच्या बांधणीचे नाव 'कंदहार' आहे. (नांदेड जिल्ह्यातील आपल्या कंधारशी त्याचा संबंध नाही.) २७ जुलै १८८० रोजी मैवंद येथे इंग्रजी फौजेचा अफगाणांनी पराभव केला. त्या फौजेत मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. कंदहारला वेढा पडला आणि कानपूरला जन्मलेला जनरल रॉबर्ट्स काबूलहून सुमारे दहा हजार सैन्य घेऊन तो उठवायला गेला. पुढे तो 'लॉर्ड रॉबर्ट्स ऑफ कंदहार' झाला. मद्रासला जन्मलेल्या अर्नोल्ड लन याने १९११ च्या जानेवारीत स्वित्झर्लंडमधील मोंताना येथे उतरणीची शर्यत भरविली, तिच्या चषकाला याच रॉबर्ट्सचे नाव मिळाले. स्पर्धक आदल्या दिवशी चढून पर्वतावरील झोपडीत मुक्कामाला राहिले आणि सकाळी हिमनदीवरून खाली धावले. उतरणीच्या शर्यतीलाही अजून चढण सुटली नव्हती! १९२८ पासून सांक्ट आंटोन येथे 'आर्लबेर्ग-कंदहार' शर्यती सुरू झाल्या आणि त्यांच्यावरून या बांधणीला नाव पडले. आता कॉनन डॉयलकडे पुन्हा पाहा. 'अ स्टडी इन स्कार्लेट'मधील डॉ. वॉटसन मुंबईला उतरतो, अफगाणिस्तानात जातो आणि जखमी होतो तो याच मैवंदला. १८८७ च्या कादंबरीतील एक जखम आणि स्कीच्या बुटाभोवतीची पोलादी तार एकाच लढाईशी येऊन भिडतात. साम्राज्याचा इतिहास अशा आडवाटांनीही वाचता येतो.

ही बांधणी केली स्वित्झर्लंडमधील सेंत-क्रुआ गावच्या गीदो र्‍यूज याने, १९२० चे दशक संपता संपता. र्‍यूज घराणे संगीतपेट्या करणारे. स्प्रिंग, तार आणि बारीक आकडे हे घरचेच काम. टाचेमागून स्प्रिंगयुक्त तार फिरवून ती पुढच्या खटक्याने ताणायची. स्कीच्या कडांवर दोन ठिकाणी आकडे. तार फक्त पुढच्या आकड्यांत असली की टाच मोकळी, मागच्या आकड्यांखाली अडकविली की टाच खाली दाबलेली. एकाच वस्तूने दोन्ही मागण्यांना पाळीपाळीने हो म्हटले. या साऱ्या इतिहासात मला हा टप्पा सर्वांत देखणा वाटतो.

पण जी बांधणी पाय सोडत नाही ती पाय मोडते. अमेरिकेत स्थायिक झालेला नॉर्वेजियन ह्यालमार व्हाम याचा पाय १९३७ मध्ये मोडला आणि रुग्णालयातच त्याला पडताक्षणी सुटणाऱ्या बांधणीची कल्पना सुचली. तिचे पेटंट त्याने घेतले. पुढे पाळणे वाढले, चढण्याची गरज सरली आणि उतरणीच्या बांधणीने टाच कायमची जखडली. नंतर बूटही कडक प्लास्टिकचे झाले. ज्यांना अजून पायांनीच चढायचे होते त्यांच्या वाट्याला चौकट आली. उतरणीची बांधणी एका लांब पट्टीवर बसवायची आणि त्या पट्टीला पुढे बिजागरी द्यायची. पावलागणिक हे सारे लोखंड उचलावे लागे. हजारो पावलांच्या चढणीत ते किती होते, याचा हिशेब घोटे आणि मांड्या ठेवीत.

ऑस्ट्रियातील टिरोलचा अभियंता फ्रिट्झ बार्थेल १९८० च्या दशकात असेच जड सामान घेऊन माँ ब्लांवर गेला आणि वैतागून परतला. त्याचे निरीक्षण असे, की बूट जर स्वतःच ताठ असेल तर वेगळी चौकट कशाला? बूटच चौकट आहे. बुटाच्या चवड्याला दोन्ही बाजूंना धातूच्या बारीक खोबण्या, त्यांत स्प्रिंगच्या जबड्यावरील दोन खुंट्या. बूट त्यांवर बिजागरीसारखा फिरतो आणि बांधणीचे लोखंड जमिनीवरच राहते. टाचेला आणखी दोन खुंट्या. मागचा भाग फिरविला की त्या बुटात शिरतात आणि टाच बंद होते. डिनाफिट कंपनीने ही रचना बाजारात आणली. प्रारंभी अनेकांनी तिला खेळणे म्हणून हसण्यावारी नेले. पेटंटची मुदत संपल्यावर मात्र अनेक उत्पादक त्याच खुंट्यांकडे वळले.

तरीही विरोध संपला नाही. खुंट्यांची पकड पडताना नेमकी केव्हा सुटेल, हा प्रश्न उतरणीच्या बांधणीपेक्षा अवघड राहिला. २०१८ मध्ये सालोमाँने आणलेल्या 'शिफ्ट'मध्ये चढताना खुंट्या आणि उतरताना नेहमीचा उतरणीचा जबडा अशी दोन्ही सोय आहे. बदल्यात वजन वाढते. हलक्या खुंटी-बांधणीत आणखी एक पेच आहे. चढताना पुढचा जबडा अवचित उघडू नये म्हणून खटक्याने कुलूपबंद करतात. अशा वेळी वरून हिमस्खलन आले तर स्की पायांतून सुटत नाहीत आणि नांगरासारख्या माणसाला बर्फाखाली धरून ठेवतात. कुलूप उघडे ठेवावे, तर तिरक्या कठीण बर्फावर एका चुकीच्या पावलाने स्की निसटू शकते. म्हणून जाणकार मंडळी धोक्याच्या उताराखाली क्षणभर थांबतात, वर पाहतात, आणि मग वाकून खटका वर ठेवायचा की खाली ते ठरवितात.