कलोसियम

कलोसियम हे इटलीतील रोम शहराच्या मध्यभागी असलेले प्राचीन ॲम्फिथिएटर आहे. मधोमध रिंगण आणि सभोवती चढत जाणाऱ्या आसनांच्या रांगा अशी रचना असलेल्या रोमन वास्तूंमध्ये ते सर्वांत मोठे होय. फ्लाव्हियन घराण्यातील सम्राट व्हेस्पेसियन याने इ.स. ७० नंतर लवकरच त्याचे बांधकाम सुरू केले. त्याचा मुलगा टायटस याने इ.स. ८० मध्ये उद्घाटन केले. यावरून त्यास फ्लाव्हियन ॲम्फिथिएटर असेही म्हणतात.

पार्श्वभूमी

इ.स. ६४ मधील आगीत रोमचा मोठा भाग जळाला. मोकळ्या झालेल्या जागेवर सम्राट नीरो याने स्वतःसाठी विस्तीर्ण प्रासाद उभारला व त्याच्या उद्यानात कृत्रिम तलाव खोदला. नीरोच्या मृत्यूनंतर झालेल्या यादवीतून व्हेस्पेसियन सत्तेवर आला. त्याने तो तलाव बुजवून तेथे सार्वजनिक करमणुकीची वास्तू बांधण्यास घेतली. एका सम्राटाने बळकावलेली भूमी जनतेला परत दिल्याचा हा राजकीय संदेश होता. मात्र या कामाचा खर्च युद्धातील लुटीतून झाला. येथील एका शिलालेखावरील ब्राँझ अक्षरांच्या छिद्रांवरून अभ्यासकांनी मूळ मजकूर जुळवला असून त्यात तसा उल्लेख आहे. इ.स. ७० मध्ये जेरुसलेम पाडल्यावर मिळालेली ही लूट असल्याचे मानले जाते.

जवळच उभ्या असलेल्या नीरोच्या प्रचंड ब्राँझ पुतळ्यावरून (कोलोसस) ‘कलोसियम’ हे नाव मध्ययुगात रूढ झाले.

स्थापत्य

वास्तू लंबवर्तुळाकार असून तिची लांबी सुमारे १८८ मीटर, रुंदी १५६ मीटर व उंची सुमारे ४८ मीटर आहे. बाह्य भिंत ट्रॅव्हर्टाइन या चुनखडीच्या दगडाची आहे. तिचे चिरे चुन्याऐवजी लोखंडी आकड्यांनी जोडलेले होते. आतील भागात टफ हा हलका ज्वालामुखीय दगड, विटा व काँक्रीट वापरले आहे. बाहेरून चार मजले दिसतात. खालच्या तीन मजल्यांवर कमानींच्या ओळी असून त्यांच्या मधील अर्धस्तंभ अनुक्रमे टस्कन, आयोनिक व कोरिंथियन शैलीचे आहेत.

तळमजल्यावर ८० प्रवेशद्वारे होती. त्यांपैकी ७६ द्वारांवर क्रमांक कोरलेले होते. कमानदार छताचे बोळ व जिने यांमुळे सुमारे ५०,००० प्रेक्षकांना आपापल्या जागी पोहोचता येई. ऊन रोखण्यासाठी वर कापडी छत ताणण्याची सोय होती. रिंगणाच्या लाकडी तळाखालील भुयारी दालने बहुतांशी सम्राट डोमिशियनच्या काळातील आहेत. तेथून हातरहाटांवर चालणाऱ्या पाळण्यांनी प्राणी व देखावे वर आणले जात.

खेळ व आसनव्यवस्था

उद्घाटनाचे खेळ १०० दिवस चालले. इतिहासकार कॅसियस डायो याच्या मते त्यांत सुमारे ९,००० प्राणी मारले गेले. ग्लॅडिएटरांची द्वंद्वे, श्वापदांची शिकार व गुन्हेगारांना जाहीर मृत्युदंड हे येथील मुख्य कार्यक्रम होते. ग्लॅडिएटरांमध्ये गुलाम व युद्धकैदी मोठ्या संख्येने असत. प्रेक्षकांची आसने सामाजिक दर्जानुसार ठरलेली होती. रिंगणालगत सिनेटर, त्यांच्या मागे अश्वारूढ वर्गातील श्रीमंत नागरिक, मग सामान्य नागरिक, तर सर्वांत वर स्त्रिया व गरीब लोक बसत.

ऱ्हास

इ.स. २१७ मध्ये वीज पडून लागलेल्या आगीत वास्तूचे मोठे नुकसान झाले. पाचव्या शतकात ग्लॅडिएटरांची द्वंद्वे बंद पडली, तर प्राण्यांच्या शिकारीची अखेरची नोंद इ.स. ५२३ मधील आहे. इ.स. १३४९ च्या भूकंपात बाह्य भिंतीचा दक्षिणेकडील भाग कोसळला. हा भाग गाळाच्या मऊ जमिनीवर उभा होता. पडलेले दगड पुढे रोममधील प्रासाद व चर्च यांच्या बांधकामासाठी नेण्यात आले. लोखंडी आकडे उपटून काढल्याने पडलेली भोके आजही भिंतींवर दिसतात.

संवर्धन

येथे ख्रिस्ती हुतात्म्यांचे रक्त सांडले या श्रद्धेतून पोप बेनेडिक्ट चौदावे यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास ही जागा पवित्र घोषित केली. त्यामुळे दगडांची लूट थांबली. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तुटलेल्या बाह्य भिंतीच्या दोन्ही टोकांना आधारभिंती बांधण्यात आल्या. इ.स. १९८० मध्ये रोमच्या ऐतिहासिक केंद्राचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला. एकेकाळी जाहीर मृत्युदंडाचे स्थळ असलेली ही वास्तू आता मृत्युदंडविरोधी मोहिमेचे प्रतीक आहे. एखाद्या देशाने ही शिक्षा रद्द केल्यावर तेथे विशेष रोषणाई केली जाते.