सभासदांच्या दुकानाची कुळकथा

१८४४ साली इंग्लंडमधल्या रॉचडेल गावात फ्लॅनेल विणणाऱ्या कामगारांचा मजुरीवाढीचा लढा फसला. मजुरी वाढत नसेल, तर आहे त्या मजुरीत घर नीट चाललं पाहिजे, असं त्यांच्यातल्या काहींनी ठरवलं. बहुतेक घरांची वाण्याकडे उधारी असे, आणि उधारीवरच्या गिऱ्हाइकाला मालाबद्दल तोंड उघडता येत नसे. पिठात खडूची भुकटी, चहात वापरून वाळवलेली पत्ती, असा माल तेव्हा सर्रास विकला जाई.

म्हणून स्वतःचं दुकान काढण्यासाठी आठवड्याला दोन-तीन पेन्स बाजूला टाकत माणशी एक पौंड असे २८ पौंड जमले. टोड लेनवरच्या एका गोदामाचा तळमजला वर्षाला १० पौंड भाड्याने घेतला आणि २१ डिसेंबर १८४४च्या संध्याकाळी लोणी, साखर, पीठ, ओटचं भरड अशा मोजक्याच मालावर दुकान उघडलं.

कल्पना नवी नव्हती. स्कॉटलंडच्या फेनिकमधल्या विणकरांनी १७६९ मध्येच ओटचं पीठ एकत्र खरेदी करून वाटलं होतं. रॉचडेलमध्येही दशकभरापूर्वी असं एक दुकान निघालं आणि उधारीत बुडालं होतं. म्हणून या मंडळींनी व्यवहार रोखीचाच ठेवला. ज्याच्या हाती आज पैसा नाही त्याला हा नियम जाचक होता. पण दुकान तगलं ते त्यामुळेच.

दुसरा नियम त्याहून दूरदृष्टीचा होता. माल बाजारभावानेच विकायचा, स्वस्त नाही. तिमाहीअखेर खर्च आणि भांडवलावरचं ठरावीक व्याज वजा जाता जो वाढावा उरेल, तो ज्याने जितकी खरेदी केली त्या प्रमाणात परत द्यायचा. दुप्पट शिधा नेणाऱ्या घराला दुप्पट लाभांश. तो संस्थेत भाग म्हणून ठेवला, की ज्याला कधी शिल्लक टाकता आली नव्हती त्या विणकराचं पीठ-साखर घेता घेता भांडवल उभं राहू लागलं. मताचा हक्क मात्र पैशावर नव्हता: भाग कितीही असोत, सभासदाला मत एकच. पुढे वाढाव्यातला अडीच टक्के हिस्सा शिक्षणासाठी राखला गेला. किराणा दुकानाने त्यातून वाचनालय चालवावं, ही गोष्ट मला आजही थोर वाटते.

हेच वळण भारतात आलं. मद्रासच्या ट्रिप्लिकेनमध्ये १९०४ साली ग्राहकांची सहकारी संस्था उभी राहिली. मुंबईत १९४८ साली नायगावात गिरणी कामगारांच्या वस्तीत ‘अपना बाजार’ सुरू झाला. पुन्हा एकदा कापड विणणाऱ्या हातांनीच गल्ल्याचा ताबा घेतला होता.

आज एखाद्या सोसायटीत वा गावात असं दुकान काढायचं म्हटलं, की चर्चा जागा, फळ्या आणि घाऊक भाव यांपासून सुरू होते. रॉचडेलकरांनी मात्र दुकान उघडण्याआधी, ऑक्टोबरातच, संस्थेची नोंदणी केली होती. तसंच उधारी किती, वाढावा कुणाचा, मत कुणाला, हिशेब कधी मांडायचा, हे आधी कागदावर उतरू द्या. स्वस्त मालावर जमलेलं गिऱ्हाईक समोर आणखी स्वस्त दुकान निघताच तिकडे वळतं. वाढाव्यात वाटा आणि सभेत मत असलेला सभासद दुकान अडचणीत आलं, तर ते सावरायला उभा राहतो.